लक्कडपूरच्या खाणी

‘बंधुआ मुक्ती मोर्चा विरुद्ध भारत सरकार’ हा खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावा लागतो. जनहित याचिकेच्या इतिहासात त्याचे स्थान पक्के आहे. परीक्षेत त्यावर प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर राज्यघटनेच्या 21, 23 आणि 32 या कलमांभोवती लिहिले जाते. ज्या जमिनीवर तो खटला उभा राहिला, तिचे नाव मात्र उत्तरपत्रिकेत फारसे कुणी लिहीत नाही. ती जमीन हरियाणाच्या फरीदाबाद जिल्ह्यात आहे. दिल्लीच्या दक्षिण सीमेला लागून अरवलीच्या बुटक्या, खडकाळ टेकड्या पसरल्या आहेत. लक्कडपूर, अनंगपूर, बडखल, पाली, मांगर, सिरोही, खोरी जमालपूर ही त्या टेकड्यांमधली गावे. इथल्या दगडखाणी आता बंद आहेत. काहींत खोल निळे पाणी साठले आहे, काहींवर विलायती बाभळीचे रान माजले आहे आणि काहींवर वस्त्या वसल्या आणि उठवल्याही गेल्या.

या खाणींची हकिगत सांगायची, तर दगडापासून सुरुवात करावी लागते. इथला दगड आपल्या सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टसारखा नाही. तो क्वार्टझाइट आहे. शंभर कोटी वर्षांहून जुनी वाळू दाबाने आणि उष्णतेने घट्ट होऊन बनलेला, करडा-तांबूस, विलक्षण कठीण खडक. त्याच्या या कठीणपणाची ओळख माणसाला फार आधीपासून आहे. अनंगपूरच्या परिसरात पुराश्मयुगातली दगडी हत्यारे मोठ्या संख्येने सापडली आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे उत्खननही केले. हातकुऱ्हाडी, तासण्या, फोडलेल्या छिलक्यांचे ढीग. इथे माणसे दगड फोडून हत्यारे घडवीत होती. त्यांच्यानंतर हजारो वर्षांनी तोमर राजांनी याच दगडाने अनंगपूरचा बांध घातला आणि सूरजकुंडाची अर्धवर्तुळाकार पायऱ्यांची पुष्करणी बांधली. चौदाव्या शतकात घियासुद्दीन तुघलकाने जवळच तुघलकाबादचा किल्ला उभारला. त्याच्या तिरप्या, अजस्र भिंती याच डोंगराच्या तुकड्यांच्या आहेत. दिल्लीची अनेक शहरे वसली आणि मोडली. त्यांतल्या बऱ्याच शहरांचा दगड अरवलीच्या या टोकाने पुरवला.

तरीही ते सारे डोंगराला पेलवण्याजोगे होते. डोंगर पोखरला गेला तो स्वातंत्र्यानंतर. फाळणीनंतर दिल्लीत निर्वासितांचे लोंढे आले, वसाहती उठल्या. फरीदाबादही सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी वसवलेले आधुनिक नगर, पुढे कारखान्यांचे शहर. रस्ते, उड्डाणपूल, सरकारी इमारती, गृहनिर्माण संस्था या सगळ्यांना खडी हवी होती आणि वाळू हवी होती. खडी डोंगर फोडून मिळे. वाळूसाठी या भागात ‘बदरपूर’ नावाची चीज आहे. झिजलेल्या, भुसभुशीत झालेल्या क्वार्टझाइटची ती जाड, लालसर वाळू. बदरपूर हे दिल्लीच्या सीमेवरच्या गावाचे नाव. ते मालालाच चिकटले आणि दिल्लीतले गवंडी आजही जाड वाळूला बदरपूर म्हणतात. दिल्लीच्या हद्दीत भाटीच्या खाणी आणि हरियाणाच्या हद्दीत फरीदाबादच्या, अशी ही एकच सलग पोखरण होती. शिवाय काचकामासाठी लागणारी सिलिका वाळूही इथेच निघे.

राज्य सरकार खाण पट्ट्याने देई. पट्टेदार ती ठेकेदारांकडे सोपवी. ठेकेदाराखाली जमादार आणि जमादाराखाली मजुरांची कुटुंबे. आपल्याकडच्या मुकादमीची कल्पना ज्याला आहे, त्याला ही उतरंड समजावून सांगायला नको. ऊसतोडीच्या टोळीला हंगामाआधी उचल देऊन बांधून घेतात, तसे इथे जमादार दूरच्या गावात जाऊन पेशगी देत आणि माणसे घेऊन येत. मजूर राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशातून येत आणि महाराष्ट्रातूनही. सर्वोच्च न्यायालयाच्या कागदपत्रांत या राज्यांबरोबर महाराष्ट्राचेही नाव आहे. आपल्या मुलखातले मजूरही लक्कडपूरची धूळ खात होते, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवावे.

कामाची रीत अशी. पुरुष यंत्राने खडकात भोके पाडत. त्यात सुरुंग ठासून उडवत. ढासळलेले धोंडे घणाने, मग हातोड्याने फोडून हव्या त्या मापाचे करायचे, ते ट्रकमध्ये भरायचे. त्यात बायका आणि मुले होतीच. मजुरी ट्रकच्या मापावर. पण ट्रकमध्ये कागदावर लिहिलेल्या मापापेक्षा जास्त माल भरून घेतला जाई आणि जादा दगडाचे दाम कुणी देत नसे. सुरुंगाच्या दारूचा आणि भोके पाडण्याचा खर्च मजुराच्याच मजुरीतून कापला जाई. जमादाराचे कमिशन त्यातूनच. हाती उरे त्यात घर चालत नसे, मग पुन्हा उसने. पेशगी फिटायची नाही आणि ती फिटेपर्यंत खाण सोडायची नाही.

त्यात धूळ. क्वार्टझाइट म्हणजे जवळपास सगळा सिलिकाच. यंत्राने कोरडे भोक पाडले, की डोळ्यांना न दिसणारे सिलिकाचे कण हवेत मिसळतात, श्वासाबरोबर फुप्फुसात शिरतात आणि तिथे कायमचे रुततात. फुप्फुस हळूहळू आकसून कडक होते. हा सिलिकोसिस. त्याची लक्षणे क्षयासारखी दिसतात, म्हणून कित्येकदा रोग्याला क्षयाचीच औषधे दिली जातात. क्षय बरा होतो, सिलिकोसिस होत नाही. भोक पाडताना यंत्राला पाण्याची नळी जोडली तर ही धूळ जागच्या जागी बसते. उपाय एवढा साधा होता आणि तो केला जात नव्हता.

या खाणींकडे देशाचे लक्ष वेधले ते स्वामी अग्निवेश यांनी. ते आर्यसमाजी संन्यासी. हरियाणाच्या मंत्रिमंडळात 1979 मध्ये काही महिने शिक्षणमंत्री होते. फरीदाबादमध्ये कामगारांवर झालेल्या पोलीस गोळीबाराविरुद्ध आवाज उठवल्यावर ते मंत्रिपद गेले. 1981 मध्ये त्यांनी बंधुआ मुक्ती मोर्चा स्थापन केला. वेठबिगारी बंद करणारा वटहुकूम 1975 च्या ऑक्टोबरमध्ये निघाला होता आणि त्याचा कायदा 1976 मध्ये झाला होता. राज्य सरकारे मात्र आपल्याकडे वेठबिगार नाहीतच, असे सांगत. मोर्चाच्या कार्यकर्त्यांनी दिल्लीच्या वेशीवरच्याच खाणींची पाहणी केली आणि 25 फेब्रुवारी 1982 रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना पत्र लिहिले. या खाणींत मोठ्या संख्येने मजूर अमानुष परिस्थितीत राबत आहेत, त्यांतले अनेक वेठबिगार आहेत, न्यायालयाने लक्ष घालावे, असा त्याचा आशय होता. वकीलपत्र नाही, मुद्रांक नाही, शपथपत्र नाही. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले.

न्यायालयाने अशोक श्रीवास्तव आणि अशोक पांडा या दोन वकिलांना आयुक्त नेमले. खाणींवर जा, मजुरांशी बोला, त्यांचे म्हणणे नोंदवा, असा आदेश होता. काही दिवसांतच त्यांचा अहवाल आला. तो अहवाल निकालपत्रात उतरला आहे आणि वाचणाऱ्याला तो आजही अस्वस्थ करतो. लक्कडपूरच्या खाणींत सगळा आसमंत धुळीने भरलेला, श्वास घेणेही कठीण. राहायला दगडावर दगड रचून केलेल्या, वर गवत पसरलेल्या झोपड्या. माणूस ताठ उभा राहू शकणार नाही इतक्या बुटक्या. पाऊस आला की आत पाणी. प्यायला नाल्याचे गढूळ पाणी. जखमी झाल्यास ना औषध, ना भरपाई. काहींना क्षय झालेला. मुलांना शाळा नाही. आणि अनेक मजुरांनी सांगितले, की आम्हाला इथून जाऊ दिले जात नाही. देशाचे सर्वोच्च न्यायालय आणि संसद तिथून तासाभराच्या अंतरावर होती.

यानंतर न्यायालयाने सखोल सामाजिक-कायदेशीर चौकशीसाठी आयआयटीतल्या डॉ. पटवर्धन यांची नेमणूक केली. मजुरांची परिस्थिती काय आहे हेच नव्हे, तर ती सुधारण्यासाठी काय करता येईल याची योजनाही त्यांच्याकडून मागितली होती. 28 जून 1982 चा त्यांचा अहवाल निकालाला आधार देणाऱ्या कागदांपैकी एक आहे. आपल्याकडे या खटल्याची चर्चा होते तेव्हा पटवर्धनांचे नाव क्वचितच ऐकू येते, याची मला खंत वाटते. वकिलांनी युक्तिवाद केले, न्यायमूर्तींनी निकाल लिहिला. पण खाणीतल्या जिण्याची पद्धतशीर नोंद कुणीतरी केली, म्हणून त्या निकालाला बळ आले.

हरियाणा सरकारने कोर्टात घेतलेली भूमिका वाचताना आजही राग येतो. पहिला आक्षेप असा, की पत्रावरून याचिका चालूच शकत नाही; मजुरांच्या कोणत्या मूलभूत हक्काचा भंग झाला? दुसरा आक्षेप असा, की न्यायालयाला आयुक्त नेमण्याचा अधिकार नाही आणि त्यांचे अहवाल पुरावा ठरत नाहीत. आणि तिसरा युक्तिवाद सगळ्यांत धक्कादायक: हे मजूर सक्तीने राबत असतीलही, पण ते कायद्याच्या व्याख्येतले वेठबिगार नाहीत, कारण त्यांनी कर्ज घेतल्याचे त्यांनी सिद्ध केलेले नाही. ज्याच्याकडे ना कागद, ना अक्षरओळख, ज्याला खाणीबाहेर पाऊल टाकता येत नाही, त्याने कर्जाचा पुरावा आणावा!

16 डिसेंबर 1983 रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती भगवती, आर. एस. पाठक आणि अमरेंद्रनाथ सेन यांचे खंडपीठ होते. मुख्य निकाल भगवतींचा. त्यांनी सरकारचे आक्षेप एकेक करून फेटाळले. गरीब माणूस कोर्टापर्यंत पोचू शकत नसेल, तर त्याच्या वतीने कुणीही सद्हेतूने दाद मागू शकतो. मानाने जगण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, माणूस सक्तीने राबतो आहे हे दिसले, की त्याच्या मुळाशी उचल किंवा कर्ज आहे असे न्यायालयाने धरून चालावे. तसे नाही हे मालकाने किंवा सरकारने सिद्ध करावे. पुराव्याचे ओझे मजुराच्या डोक्यावरून मालकाच्या डोक्यावर गेले. या एका वाक्यासाठी हा निकाल लक्षात ठेवला पाहिजे असे मला वाटते. न्यायमूर्ती पाठकांनी स्वतंत्र मत लिहिताना एक सावधगिरीची सूचना केली, की अशी पत्रे कुणा एका न्यायमूर्तीच्या नावे न येता न्यायालयाच्या नावे यावीत. तीही रास्तच होती.

निकालाच्या शेवटी 21 निर्देश आहेत. मजुरी ठेकेदाराच्या किंवा जमादाराच्या हातून न देता थेट मजुराच्या हाती द्यावी. सुरुंगाच्या दारूचे पैसे कापू नयेत. ट्रकमध्ये मापापेक्षा जास्त माल भरला जातो का, हे अधिकाऱ्यांनी आठवड्यातून एकदा तरी अचानक जाऊन तपासावे. भोके पाडणाऱ्या यंत्रांना पाणी फवारण्याची सोय करावी. सावलीत ठेवलेले स्वच्छ पिण्याचे पाणी, शौचालये, मोफत औषधोपचार, मुलांना शिक्षण. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला पाण्याचे भांडे कुठे ठेवावे आणि ट्रक कधी मोजावा इथपर्यंत लिहावे लागले. खाण कायदा 1952 चा, कंत्राटी कामगार कायदा 1970 चा, आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा 1979 चा. यातले बरेचसे आधीच लिहिलेले होते. अंमल करणारे कुणी नव्हते. निर्देश पाळले जातात की नाही हे पाहण्यासाठी केंद्रीय कामगार मंत्रालयातले सहसचिव लक्ष्मीधर मिश्र यांना नेमले गेले.

सुटका झालेल्या मजुरांचे पुढे काय झाले, हे नीरजा चौधरी या पत्रकार बाईंमुळे कळले. निकालाआधीच, 1983 च्या मार्चमध्ये, फरीदाबादच्या खाणींतून 135 वेठबिगार न्यायालयाच्या आदेशाने मुक्त झाले होते आणि त्यांना त्यांच्या गावी, तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या बिलासपूर जिल्ह्यात, पाठवले होते. कायद्याप्रमाणे राज्य सरकारने त्यांचे पुनर्वसन करायचे होते. नीरजा चौधरी ‘स्टेट्समन’च्या वार्ताहर होत्या. सहा महिन्यांनी त्या मुंगेली तालुक्यातल्या गावांत जाऊन मजुरांना भेटल्या. पुनर्वसन झालेले नव्हते. माणसे उपासमारीच्या काठावर होती. त्यांनी 20 सप्टेंबर 1983 रोजी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि तेही याचिका बनले. 8 मे 1984 च्या निकालात भगवतींनी बजावले, की वेठबिगार शोधणे आणि सोडवणे एवढ्याने भागत नाही. पुनर्वसन झाले नाही, तर तो दारिद्र्यामुळे पुन्हा त्याच गुलामीत जाऊन पडेल. फरीदाबादच्या खाणींनी दिलेला हा दुसरा निकाल.

त्याच दशकात इकडे ठाणे जिल्ह्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांची श्रमजीवी संघटना आदिवासी वेठबिगारांना याच 1976 च्या कायद्याखाली सोडवत होती आणि तिथेही सुटकेनंतर पोट कसे भरायचे हाच पुढचा लढा होता. दिल्लीच्या वेशीवरची आणि मुंबईच्या वेशीवरची वेठबिगारी एकाच वेळी उजेडात येत होती. शहरे वाढत होती आणि त्यांच्या कडेला माणसे बांधलेली होती. फरीदाबादचा खटला 1991 मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा 1983 चे निर्देश नीट अमलात आले नसल्याचेच समोर आले.

त्यानंतर खाणी बंद होण्याचा काळ सुरू होतो. पण त्या बंद झाल्या त्या मजुरांच्या कारणाने नव्हे.

वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 15 मे 1992 रोजी न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या खंडपीठाने दिल्लीतल्या लाल कुआँ, तुघलकाबाद वगैरे भागांतले आणि फरीदाबादच्या सूरजकुंड, लक्कडपूर, बडखल, अनंगपूर या भागांतले खडी क्रशर 15 ऑगस्टपासून बंद करण्याचा आदेश दिला. त्यांची धूळ दिल्लीकरांच्या फुप्फुसात जात होती. क्रशर पाली गावाजवळच्या नव्या क्षेत्रात हलवले गेले. मग 1996 मध्ये बडखल आणि सूरजकुंड ही पर्यटनस्थळे वाचवण्यासाठी या दोन जलाशयांभोवती 2 किलोमीटरच्या परिघात खाणकामाला बंदी आली. प्रदूषण नियंत्रण मंडळाने 5 किलोमीटर सुचवले होते. बडखल तलाव वाचला नाही. त्याकडे वाहत येणारे ओहोळ खाणींच्या खड्ड्यांनी तोडले होते, भूजल उपसले जात होते आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तलाव पार आटला. लोक नौकाविहाराला जात, तिथे गुरे चरू लागली.

दिल्लीच्या बाजूच्या भाटी खाणी 1990 मध्येच बंद झाल्या होत्या. ते क्षेत्र असोला अभयारण्याला जोडले गेले. हरियाणाच्या बाजूला 6 मे 2002 रोजी न्यायालयाने दिल्ली सीमेपासून 5 किलोमीटरपर्यंतचे खाणकाम थांबवले. भूजलाचा प्रश्न आता ऐरणीवर होता. क्वार्टझाइटला असंख्य भेगा असतात. पावसाचे पाणी त्यातून खाली झिरपते आणि दिल्ली, फरीदाबाद, गुडगावच्या विहिरींना पोसते. पट्टेदारांनी भूजलाच्या पातळीखाली खणले होते. पंप लावून पाणी बाहेर फेकत आणि आणखी खोल जात. 2002 च्या ऑक्टोबरमध्ये बंदी अरवलीभर वाढली, 2004 मध्ये न्यायमूर्ती सभरवाल यांच्या निकालाने देखरेख समिती आली आणि अखेर 8 मे 2009 रोजी न्यायालयाने फरीदाबाद, गुडगाव आणि मेवात या जिल्ह्यांतल्या अरवलीच्या सुमारे 448 चौरस किलोमीटर क्षेत्रातले सगळे खाणकाम स्थगित केले. फरीदाबादचे सुरुंग अधिकृतपणे शांत झाले. चोरटे खाणकाम नंतरही होत राहिले.

पंप थांबले आणि खड्डे भूजलाने भरले. आज नकाशात अनंगपूर-मांगरच्या टेकड्यांत निळे तुकडे दिसतात, ते हे. गिर्यारोहक धौज गावाजवळच्या कड्यांवर सराव करतात, छायाचित्रकार खाणतळ्यांचे फोटो काढतात. जवळच मांगर बनीची देवराई आहे, गुदडिया बाबांच्या नावाने गावकऱ्यांनी राखलेले धौ वृक्षांचे जुने जंगल. खाणकाम तिच्यापर्यंत पोचले नाही, हे त्या गावकऱ्यांच्या श्रद्धेचे आणि चिवटपणाचे फळ. मात्र खाणतळी पोहण्याची जागा नव्हे. नैसर्गिक तळ्याला उतार असतो. खाणीच्या भिंती सरळ तुटलेल्या असतात. एक पाऊल टाकले की पुरुष-दोन पुरुष नाही, थेट तळ नसलेल्या पाण्यात. पाण्याखाली कपारी आणि दगडी थर. पोहायला उतरलेली कित्येक तरुण मुले इथे बुडाली. कुंपण सर्वत्र नाही. पट्टेदाराने खाण सोडताना ती बुजवायची किंवा सुरक्षित करायची असते. इथे ते झाले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. खाणी बंद झाल्या तेव्हा मजूर कुठे गेले?

न्यायालयाच्या 1992 ते 2009 पर्यंतच्या या आदेशांत धूळ आहे, तलाव आहेत, भूजल आहे, झाडे आहेत. हे सगळे महत्त्वाचे आहे, त्याबद्दल दुमत नाही. डोंगर वाचायलाच हवा होता. पण 1983 च्या निकालात ज्यांच्या पाण्याच्या भांड्याचीही काळजी केली होती, त्या माणसांना पर्यावरणाच्या आदेशांत फारशी जागा मिळाली नाही. कामगाराचा खटला एका फायलीत, डोंगराचा दुसऱ्या फायलीत. दोन्ही एकाच न्यायालयात, एकाच टेकडीबद्दल.

काही मजूर गावी परतले. बरेच तिथेच राहिले, कारण गावी परतण्यासारखे काही नव्हते. लक्कडपूरजवळ, दिल्लीच्या सीमेला चिकटून, खाणमजुरांच्या झोपड्या होत्या. त्यांभोवती खोरी नावाची वस्ती वाढली. खाणकाम थांबल्यावर जमिनीच्या दलालांनी तिथले तुकडे साध्या कागदांवर विकले. घरकाम करणाऱ्या बायका, रिक्षावाले, गवंडी, सुरक्षारक्षक अशा लोकांनी आयुष्याची बचत घालून ते घेतले आणि जुन्या खाणमजुरांच्या शेजारी घरे बांधली. जमीन पंजाब भूसंरक्षण कायदा 1900 खाली संरक्षित होती, हे दलालांना माहीत असणार. घेणाऱ्यांना कुणी सांगितले नाही. वर्षानुवर्षे वीज चोरून विकली गेली, पाण्याचे टँकर विकले गेले, मते मागितली गेली.

7 जून 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अजय खानविलकर आणि दिनेश माहेश्वरी यांच्या खंडपीठाने सहा आठवड्यांत वनजमिनीवरची अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. कोरोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरत होती. घरांची संख्या सुमारे दहा हजार सांगितली जात होती. जुलैच्या पावसात बुलडोझर आले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार तज्ज्ञांनी ही कारवाई थांबवण्याचे आवाहन केले, तरी ती झाली. पात्र ठरणाऱ्यांना डबुआ कॉलनीतल्या सदनिका देण्याची योजना नंतर आली. पात्रता कागदांवर ठरणार होती आणि कागद हाच या लोकांकडचा सर्वांत दुबळा भाग. 1982 मध्ये मजुरापाशी कर्जाचा कागद नव्हता, 2021 मध्ये घराचा.

पुढे 21 जुलै 2022 रोजी न्यायमूर्ती अभय ओक यांनी लिहिलेल्या निकालाने स्पष्ट झाले, की भूसंरक्षण कायद्याच्या कलम 4 खालच्या विशेष आदेशाखाली असलेली जमीन वनच मानली जाईल. तो निकाल मला बरोबर वाटतो. हरियाणा सरकारने 2019 मध्ये हा जुना कायदा पातळ करण्याचा प्रयत्न केला होता आणि न्यायालयाने तो रोखला होता. तसे झाले नसते, तर फार्महाऊस आणि बंगल्यांनी उरलेली अरवली गिळली असती. 2018 मध्ये याच भागातल्या कांत एन्क्लेव्ह या श्रीमंत वसाहतीची बांधकामे पाडण्याचा आदेश निघाला होता, हेही खरे. पण तिथल्या प्लॉटधारकांना भरपाई देण्याचा विचार न्यायालयाने त्याच निकालात केला होता. खोरीला तेवढी सवड मिळाली नाही.

अरवलीचा वाद संपलेला नाही. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरवलीची नवी व्याख्या स्वीकारली. आजूबाजूच्या जमिनीपासून 100 मीटर उंच असेल ती टेकडी. फरीदाबादच्या कित्येक टेकड्या त्यात बसत नाहीत. लोक रस्त्यावर उतरले आणि डिसेंबर संपता संपता न्यायालयाने आपल्याच त्या आदेशाला स्थगिती दिली. पुन्हा चर्चा डोंगराच्या उंचीची झाली. तो डोंगर फोडणाऱ्यांची कुणी केली नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न परका नाही. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत वडार आणि स्थलांतरित कुटुंबे आजही खडी फोडतात. त्यांच्या मुलांसाठी बस्तू आणि पल्लवी रेगे यांच्या ‘संतुलन’ संस्थेने 1997 पासून पाषाण शाळा चालवल्या. आपल्या प्रत्येक महामार्गाखाली आणि प्रत्येक इमारतीच्या स्लॅबमध्ये अशाच कुणाची तरी मजुरी आहे. आपल्याकडेही टेकड्या वाचवण्याच्या मोहिमा होतात, न्यायाधिकरणात अर्ज जातात, खाणी बंद होतात आणि त्या व्हायलाही हव्यात. अशा अर्जावर सही करणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे, की खाण बंद करण्याच्या मागणीबरोबर आणखी तीन मागण्या त्याच अर्जात लिहा: तिथल्या मजुरांची नावनिशीवार नोंद, त्यांच्या फुप्फुसांची तपासणी आणि त्यांच्या पुनर्वसनाची मुदत. फरीदाबादच्या खाणी बंद करणाऱ्या आदेशांत या तीन ओळी नव्हत्या.